अभिलेख कक्षाची चावी

२६ वर्षांच्या सरकारी नोकरीत मी किती प्रशिक्षणांना बसलो याचा हिशेब सेवापुस्तकात असेल, मला तो आठवत नाही. माहितीचा अधिकार, विभागीय चौकशी, सेवा हमी, ई-ऑफिस आणि दर निवडणुकीच्या आधी मतदान यंत्रे, अशी ती मोठी रांग आहे. मात्र ज्या इमारतीत बसून ही कामे करायची तिथे आग लागली, कोणाला विजेचा धक्का बसला किंवा शेजारच्या टेबलावरचा माणूस छातीवर हात ठेवून खुर्चीतच कलंडला, तर पहिल्या दोन मिनिटांत काय करावे, हे मला कोणी शिकवले ते वयाच्या ५२व्या वर्षी, गेल्या डिसेंबरात, आणि तेही योगायोगाने.

योगायोग म्हणण्याचे कारण असे. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य या विषयावरील तीन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणासाठी प्रत्येक कार्यालयाने एक कर्मचारी नामनिर्देशित करावा, असे पत्र आले तेव्हा नागपूरचे हिवाळी अधिवेशन तोंडावर होते. तारांकित प्रश्नांची उत्तरे तयार करणाऱ्या शाखांतून कोणाला सोडण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी कार्यालये एक जुना, कुठेही न लिहिलेला नियम पाळतात, तो म्हणजे ज्याच्या नसण्याने काम अडणार नाही त्याला पाठवावे. माझ्याकडे अभिलेख आणि आवक-जावक या दोन शाखा होत्या. मी अव्वल कारकून. मध्यंतरी पदनाम बदलून सहायक महसूल अधिकारी झालो, तरी कार्यालयात अजून भाऊसाहेबच आहे. “भाऊसाहेब, तुम्हीच जाऊन या, तेवढाच बदल,” असे म्हणून मला कार्यमुक्त करण्यात आले. कारण चुकीचे असले तरी निवड बरोबर झाली होती, हे मला नंतर कळले. सरकारी कार्यालयात एकदा पेटली तर आवरणार नाही अशी जागा कोणती असेल तर ती अभिलेख कक्ष, म्हणजे जुनी कागदपत्रे ठेवण्याची खोली, आणि आमच्याकडे त्या जागेचा प्रभारी मीच होतो.

पहिला दिवस नेहमीच्या वळणाने सुरू झाला. नोंदणी, पिशवी, वही-पेन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक. आगीपासून बचावाच्या प्रशिक्षणाचे उद्घाटन व्यासपीठाच्या पडद्याला जवळजवळ टेकलेल्या समईने व्हावे, हे त्या दिवशी मला मुळीच खटकले नाही. तिसऱ्या दिवशी आठवून खटकले, आणि प्रशिक्षणाचा काही उपयोग झाल्याची ती पहिली खूण होती असे मी समजतो. सभागृहात आम्ही चाळीसेक जण होतो. लिपिक, वरिष्ठ लिपिक, अव्वल कारकून, दोन नायब तहसीलदार, रुग्णालयाच्या कार्यालयातले काही जण. शिपाई एकही नव्हता, रात्रीचा पहारेकरी नव्हता, सफाईचे काम करणारी एकही बाई नव्हती. हेही त्या दिवशी खटकले नाही.

पहिले सत्र घेणारे गृहस्थ औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रात आयुष्य घालवून निवृत्त झालेले होते. त्यांनी सुरुवातीलाच विचारले की, तुमच्यापैकी किती जणांच्या कार्यालयाला कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा लागू आहे? आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग त्यांनी १९४८च्या कारखाने अधिनियमापासून सुरुवात केली. दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि त्या पेटीची जबाबदारी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडे. हजार किंवा अधिक कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी. आणि १९८४च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांविषयी एक स्वतंत्र प्रकरणच. कारखान्यातल्या कामगाराला धोक्याची माहिती आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क या दुरुस्तीने कायद्यात आला. आता २०२०ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आली आहे. तिने जुने १३ कायदे आपल्यात सामावून घेतले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती अमलात आली. हे सांगून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले की, या संहितेच्या पहिल्याच कलमात असे म्हटले आहे की, केंद्र शासनाच्या आणि राज्य शासनांच्या कार्यालयांना ती लागू होणार नाही. अपवाद एकच, त्या कार्यालयांत कंत्राटदारामार्फत नेमलेले कामगार.

या तरतुदीवर मी पुढे बराच विचार केला. आमच्या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या मावशी आणि संगणकावर नोंदी घेणारा मुलगा, दोघेही कंत्राटदाराकडून आलेले आहेत. म्हणजे संख्येच्या अटी पूर्ण होत असतील तर, कागदावर तरी, एकाच पंख्याखाली बसलेल्या दोघांपैकी त्या मुलाच्या सुरक्षिततेची काळजी केंद्राची संहिता घेते आणि माझी घेत नाही. अशी तरतूद करणाऱ्यांचा विचार कदाचित असा असावा की, कार्यालय म्हणजे टेबल, खुर्ची आणि कागद, तिथे धोका तो कसला? हा समज आम्हा कर्मचाऱ्यांचाही आहे. कार्यालयात माणूस मरतो तो रक्तदाबाने किंवा बदलीच्या धसक्याने, असे आम्ही विनोदाने म्हणतो.

तो समज खोटा ठरवणाऱ्या घटना आपल्याच राज्यात आहेत. २१ जून २०१२ रोजी दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग बघता बघता वरच्या मजल्यांवर गेली. पाच माणसे गेली, आणि नस्त्या, म्हणजे फायली, किती गेल्या याची चर्चा पुढे कित्येक महिने चालली. राज्याचे मुख्य सचिव, गृह विभाग आणि आपत्ती व्यवस्थापनाची सगळी सूत्रे ज्या इमारतीतून हलतात, तीच ती इमारत. त्यानंतर ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. त्यातली १० दगावली, सात वाचवता आली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीत ११ रुग्णांचा मृत्यू झाला. रुग्णालयाच्या कार्यालयातून आलेले प्रशिक्षणार्थी या भागात माना खाली घालून बसले होते. प्रशिक्षकांनी छायाचित्रे दाखवली नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी भंडाऱ्याच्या संदर्भात फक्त वेळेकडे लक्ष वेधले. आग पहाटे लागली. पहाटे कोणत्याही सरकारी इमारतीत अधिकारी नसतो. जो असतो तो त्या इमारतीतल्या पदांच्या उतरंडीत बहुधा सर्वांत खालचा असतो, आणि प्रशिक्षणाच्या नामनिर्देशनाची यादी मात्र वरून खाली येते.

दुसरा दिवस मैदानावर होता, आणि या प्रशिक्षणाचे खरे मोल त्या दिवसात होते. लोखंडी ताटात डिझेल ओतून पेटवले होते आणि एकेकाने पुढे येऊन लाल सिलिंडरने ते विझवायचे होते. हे काम मी गेली कित्येक वर्षे भिंतीवरच्या चित्रात पाहत आलो होतो: पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी रोखा, मूठ दाबा, नळी डावी-उजवी फिरवा. माझी पाळी आली तेव्हा मी पिन न काढताच मूठ दाबत राहिलो. मागून कोणीतरी हसले. माझ्या आधी एका लिपिक मॅडमनी पहिल्याच झटक्यात आग विझवली होती, त्यामुळे माझी फजिती जरा जास्तच उठून दिसली. पिन निघाल्यावर मी ज्वाळांच्या शेंड्यांवर पावडर मारली आणि खालचे डिझेल जळतच राहिले. तेवढ्यात सिलिंडर संपला. कार्यालयात असतो तेवढा सिलिंडर जेमतेम दहा-पंधरा सेकंद चालतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. तो दोन-चार मिनिटे तरी चालत असेल अशी माझी समजूत होती. ती घेऊन मी खऱ्या आगीसमोर उभा राहिलो असतो तर काय झाले असते, याची कल्पना मी त्या मैदानावरच केली.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दाब दाखवणारा काटा नसतो; तो भरलेला आहे की रिकामा, हे वजन करूनच कळते, आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच कोरलेले असते. संगणक आणि विजेच्या फळ्यांसाठी तो उत्तम, पण त्याच्या शिंगासारख्या तोंडाला हात लावून धरले तर थंडीने कातडी सोलून निघावी इतके ते गार पडते. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात असला तरी वर्षानुवर्षे एका जागी लटकून आतली पावडर तळाशी बसून घट्ट होऊ शकते. यातली एकही गोष्ट अवघड नाही. तरीही चाळीस जणांपैकी कोणालाही ती ठाऊक नव्हती, आणि आमच्यातले निम्मे तरी कधी ना कधी असले सिलिंडर खरेदी करण्याच्या नस्तीवर सही केलेले होते.

जेवणाच्या सुट्टीआधी प्रशिक्षकांनी माझी शाखा विचारली. अभिलेख म्हटल्यावर ते म्हणाले, “मग तुमच्यासाठी वेगळा प्रयोग करू.” त्यांनी रद्दीचा एक जाड गठ्ठा मागवला, आपल्याकडे बांधतात तसा कापडी रुमालात घट्ट बांधून घेतला आणि कडेने पेटवला. बाहेरची ज्वाळा मोठी झाल्यावर मला पुन्हा सिलिंडर दिला. या वेळी पिन आधी काढली. पावडरचा पांढरा ढग बसला तेव्हा आग पूर्ण विझलेली दिसत होती, धूरही नव्हता. त्यांनी सर्वांना चहा घ्यायला सांगितले. परत आल्यावर त्यांनी लोखंडी आकड्याने रुमाल सोडवून गठ्ठा उकलला, तर आत पानांच्या कडांना लाल निखाऱ्याची एक बारीक रेघ सरकत होती, आणि वारा लागताच ती पुन्हा पेटली.

घट्ट बांधलेल्या कागदाचे हेच वैशिष्ट्य आहे. त्याला हवा मिळत नाही म्हणून तो भडकत नाही, पण आतल्या आत धुमसत राहतो, आणि पावडर आत पोहोचत नाही. तिथे पाणीच लागते, भरपूर लागते, आणि एकेक गठ्ठा उकलून भिजवावा लागतो. म्हणूनच अभिलेख कक्षाची आग विझल्यासारखी दिसल्यावरही अग्निशमन दलाचे जवान तासन्‌तास तिथे का थांबतात, हे मला त्या दिवशी कळले. आमच्या कक्षात असे काही हजार गठ्ठे आहेत. लाकडी मांडण्यांवर, छतापर्यंत.

तिसरा दिवस आरोग्याचा होता आणि त्याबद्दल मला फार लिहावेसे वाटत नाही, कारण जेवणानंतरच्या सत्रात एका डॉक्टरांना पाठदुखी, धूळ, डोळे, मधुमेह आणि मानसिक ताण हे सगळे दोन तासांत संपवायचे होते. त्यांतली छाती दाबण्याची क्रिया तेवढी मनात राहिली, कारण ती पुतळ्यावर प्रत्यक्ष करून घेतली. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आणि दुसऱ्याने तोवर १०८ला फोन करायचा. दोन मिनिटांत घाम फुटतो. माणसे आळीपाळीने का लागतात ते कळते. गठ्ठा उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसून उचलावा, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला आमच्या अभिलेखापालांची आठवण झाली, जे गेली सात वर्षे कमरेचा पट्टा लावून शिडीवर चढतात.

आपल्या राज्यात या विषयातले जाणकार कमी नाहीत. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, जिथे औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका शिकवली जाते. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय नवी मुंबईत आहे, आणि राष्ट्रीय सुरक्षा दिन त्याच तारखेला पाळला जातो. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. पुण्याच्या यशदामध्ये, म्हणजे राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत, आपत्ती व्यवस्थापनाचे केंद्र आहे. मात्र या संस्थांमधले ज्ञान कारखान्यांकडे, अग्निशमन दलांकडे आणि आपत्ती कक्षांकडे वाहते. तालुक्याच्या कार्यालयात ते आले तर परिपत्रकाच्या रूपाने येते. अलीकडे आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या मंचावर घरबसल्या अभ्यासक्रम पूर्ण करता येतात आणि ते मी केलेही आहेत. वाचून समजण्याच्या गोष्टींसाठी ती सोय चांगली आहे. पण मी मूठ आधी दाबतो की पिन आधी काढतो, हे कोणत्याही पडद्याला कळणार नाही. शिवाय आमच्या मावशींचे आणि पहारेकऱ्याचे त्यावर खातेच नाही.

परत आल्यावर मी पहिल्यांदा माझे कार्यालय नीट पाहिले. ते कुठले, हे इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ते आपलेच वाटेल.

आमच्याकडे दोन लाल सिलिंडर होते. दोन्हींवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेला होता, कारण दोन्हींची जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपण ज्याला सरसकट डेडस्टॉक म्हणतो त्यात, रीतसर नोंद होती. भरण्याची मुदत उलटून चार वर्षे झाली होती. एक सिलिंडर लोखंडी कपाटामागे गेला होता; कपाट नंतर आले, सिलिंडर आधीचा होता. दुसरा इतक्या उंचावर होता की तो काढायला मावशींना स्टूल लागले असते. मागच्या जिन्याखाली मोडक्या खुर्च्या, जुने संगणक आणि दोन फुटके कूलर रचलेले होते. ते तिथे कोणाच्या आळसामुळे नव्हते. सरकारी खुर्ची मोडली तरी ती फेकता येत नाही. तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव करावा लागतो, त्याला मंजुरी लागते, आणि मंजुरी येईपर्यंत ती खुर्ची शासनाची मालमत्ता म्हणून सुटकेचा मार्ग अडवून बसते. चहाची विजेची किटली लावली की एमसीबी, म्हणजे भार वाढल्यावर वीज आपोआप तोडणारा खटका, पडत असे, म्हणून मागे कोणीतरी जास्त अँपिअरची बसवली होती. एमसीबी पडणे थांबले होते. भिंतीतली तार मात्र जुनीच होती, आणि आता ती तापली तरी तिला तोडणारे काही उरले नव्हते.

हे सर्व कोणी करायचे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला राज्याचा २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम वाचावा लागला. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार, म्हणजे ती वापरणारा, यांनी, आगविषयक उपाययोजना चांगल्या स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे असे त्यात आहे. आता सरकारी इमारतीची मालकी एका विभागाकडे असते, तिच्यातली वीज त्याच विभागाच्या दुसऱ्या उपविभागाकडे आणि वापर तिसऱ्याकडे. “किंवा” या एका शब्दावर आमच्याकडे तीन वर्षांचा पत्रव्यवहार सापडला. त्यातली सगळी पत्रे सभ्य भाषेत आहेत आणि प्रत्येकाने ते काम दुसऱ्याचे आहे हे नियमासह दाखवून दिले आहे.

मी टिपणी सादर केली. ती “चर्चा करावी” या शेऱ्यासह परत आली. चर्चा झाली, आणि सिलिंडर भरणे व तारा बदलणे या बाबी निधीच्या उपलब्धतेनुसार कराव्यात असे ठरले. यात मला नवल वाटले नाही आणि मी ते काम सोडलेही नाही. दरम्यान ज्याला पैसा लागत नाही असे काम शोधायला लागलो, तर ते भरपूर निघाले. अभिलेखांचे वर्गीकरण आपल्याकडे कधीपासून ठरलेले आहे. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, आणि खाली ड वर्ग, ज्याचे आयुष्य वर्षभराचे. आमच्या कक्षात ड वर्गाचे वीस वर्षांपूर्वीचे गठ्ठे होते, कारण नष्ट करण्याच्या यादीवर सही करायला कोणी धजत नाही. उद्या तोच कागद कोणी मागितला तर काय, ही भीती. दीड महिन्यात आम्ही त्या याद्या तयार केल्या आणि मंजूर करून घेतल्या. कक्षातल्या एका बाजूच्या मांडण्या रिकाम्या झाल्या, गठ्ठे छतापासून खाली आले, दिव्यांच्या जवळचे हटले. निर्लेखनाचा प्रस्तावही गेला. कोणत्याही सुरक्षा सप्ताहाच्या फलकापेक्षा हे काम आगीविरुद्ध जास्त उपयोगी आहे असे माझे मत आहे, जरी त्याला कोणी सुरक्षेचे काम म्हणत नसले तरी.

मग चावीचा प्रश्न आला. अभिलेख कक्षाला दोन चाव्या. एक अभिलेखापालांकडे, ती संध्याकाळी त्यांच्यासोबत घरी जाते. दुसरी साहेबांच्या दालनाबाहेरच्या कपाटात, आणि त्या कपाटाची चावी आमच्या शिपाई मामांकडे, जे सहा किलोमीटरवर राहतात. रात्री इमारतीत असतो तो पहारेकरी. त्याच्याकडे फाटकाची चावी असते, बाकी कशाचीच नाही. म्हणजे रात्री दोन वाजता कक्षातून धूर आला तर तो १०१ला फोन करू शकतो आणि दाराबाहेर उभा राहू शकतो. हे मी साहेबांना तोंडी सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याच्या खोलीत मोहोरबंद काचेच्या पेटीत एक चावी टांगली गेली, आणि काच फुटली तर दुसऱ्या दिवशी अहवाल द्यावा असे ठरले.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, कार्यालय सुटल्यावर, मी मामा, मावशी, पहारेकरी आणि दोन वाहनचालक यांना मागच्या अंगणात बोलावले. नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रातले एक जवान विनंतीवरून आले होते. तोपर्यंत एका सिलिंडरपुरता खर्च मंजूर झाला होता, तो भरून आला होता, आणि मी तो प्रात्यक्षिकात वापरून पुन्हा भरून घ्यायचे ठरवले होते. मावशींनी पिन काढली, आगीच्या बुडाशी नेम धरला आणि काम फत्ते केले. मामा मात्र हात लावायला तयार होईनात. मला वाटले, वय झाले आहे, घाबरत असतील. बाजूला घेऊन विचारले तेव्हा ते म्हणाले, “भाऊसाहेब, हे नोंदवहीत लावलेले आहे. मी वापरून रिकामे केले, आणि आग लहानशीच निघाली, तर त्याचे पैसे कोणाच्या पगारातून कापायचे?”

तीन दिवसांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न कोणाच्याही तोंडून आला नव्हता. प्रशिक्षकांना तो सुचण्याचे कारण नव्हते, आणि आम्ही सभागृहात बसलेले चाळीस जण वसुली लावणाऱ्यांच्या बाजूचे होतो, लागणाऱ्यांच्या नव्हे. मामांनी ३१ वर्षांच्या नोकरीत हरवलेल्या स्टॅपलरचा खुलासा दिला आहे, फुटलेल्या काचेचा दिला आहे. ज्या वस्तूवर पांढरा क्रमांक आहे तिला हात लावताना दहा वेळा विचार करायचा, हे त्यांना कार्यालयानेच शिकवले. आणि सिलिंडर चालतो दहा-पंधरा सेकंद. त्यांतले कितीतरी सेकंद, आगीच्या वेळी, या विचारात जाणार होते.

सोमवारी मी कार्यालयीन आदेशाचा मसुदा ठेवला. आग, धूर अथवा तत्सम आणीबाणीच्या प्रसंगी कार्यालयातील कोणत्याही कर्मचाऱ्याने, कंत्राटी कर्मचाऱ्यांसह, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी व अभिलेख कक्षाची काचपेटीतील चावी यांचा वापर पूर्वपरवानगीशिवाय करावा. अशा वापरासाठी संबंधितांकडून खुलासा मागवला जाणार नाही आणि कोणतीही वसुली केली जाणार नाही. आग किरकोळ असल्याचे नंतर आढळले तरीही. शेवटच्या वाक्यावर साहेबांनी पेन थोडा वेळ थांबवला आणि मग सही केली. आदेशाची प्रत मामांनी मागून घेतली आणि घडी करून ओळखपत्राच्या पाकिटात ठेवली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी पिन काढली.

सिलिंडर पुन्हा भरून आला आहे आणि आता तो मावशींच्या हाताला येईल अशा उंचीवर आहे. त्याच्या नोंदीसमोर शेऱ्याच्या रकान्यात मी “प्रात्यक्षिकासाठी दोन वेळा वापरला” असे लिहून तारखा घातल्या आहेत. लेखापरीक्षणात यावर आक्षेप निघेल, अशी सूचना लेखा शाखेने मला आधीच देऊन ठेवली आहे.